काकाजींचा डावा डोळा

“बसू द्या समोरासमोर. मंग पाहू.” हे काकाजींचं वाक्य. ते म्हणताना त्यांचा उजवा हात हवेत असा फिरायचा, जणू दोन्हीकडच्या मंडळींना दंडाला धरून ते सतरंजीवर बसवत आहेत. मुलाकडचे म्हणायचे, मुलीची उंची कमी वाटते. “बसू द्या समोरासमोर.” मुलीकडचे म्हणायचे, मुलगा जरा घुम्या आहे म्हणतात. “मंग पाहू.” आणि दोन्ही घरं एकदा समोरासमोर बसली की पुढचं सगळं काम काकाजींचा चेहरा करायचा.

सोयरिकी जुळवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांची जीभ चालते. काकाजी मुलगी पाहायच्या कार्यक्रमात जवळजवळ बोलतच नसत. पोहे खात बसायचे आणि योग्य वेळी एक भुवई उचलायचे. तेवढ्यावर समोरच्याला वाटायचं, आपण आता गप्प बसलेलं बरं, किंवा आता हो म्हणायला हरकत नाही.

माझं लग्न त्यांनीच जुळवलं. माझं माहेर पुसदचं. माझ्या सासऱ्यांचं आर्णीत मेडिकलचं दुकान, आणि मी फार्मसी शिकलेली. आमच्या घरी बैठक बसली तेव्हा सासरे काहीतरी विचारायला म्हणून पुढे सरकले. काकाजींनी त्यांच्याकडे पाहून भुवई उचलली. सासऱ्यांनी प्रश्न पोह्यांसोबत गिळला. नंतर कित्येक वर्षं माझे वडील म्हणत होते की ती भुवई त्यांच्यासाठी होती, मुकाट्याने हो म्हणा म्हणून. सासरेही स्वतःबद्दल तेच म्हणत.

लग्न होऊन आले तर काकाजी आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. घरी ते आणि काकू दोघंच. मुलगी अमरावतीला दिलेली. सकाळी शेतावर चक्कर, दुपारी आमच्या दुकानाबाहेरच्या बाकावर पेपर, आणि लग्नसराईत मोटरसायकलवरून गावोगाव. खाण्याचा माणूस. कोणत्या गावात कोणाकडच्या पोह्यांवरचा तर्रीचा झणझणीत रस्सा चांगला, हे त्यांना पाठ होतं.

मे संपत आला होता. एका संध्याकाळी दिग्रसकडून परत येताना रानडुक्कर आडवं आलं. काकाजी उडाले आणि पुलाच्या कठड्यावर डोकं आदळलं. डाव्या कानातून रक्त आलं. मागून येणाऱ्या ऑटोवाल्याने त्यांना उचललं, तिथून यवतमाळला नेलं. जीव वाचला, हातपाय शाबूत राहिले. कानामागच्या हाडाला भेग पडली होती, ती आपोआप भरेल असं डॉक्टर म्हणाले. सगळे देवाचे आभार मानत असताना काकूंच्या लक्षात आलं की ह्यांचा डावा डोळा मिटतच नाही.

घरी आले तेव्हा मी भेटायला गेले. चेहऱ्याची डावी बाजू उतरली होती. कपाळावर आठी नाही, भुवई खाली आलेली, ओठांचा कोपरा लोंबलेला. मला पाहून ते हसले तर अख्खा चेहरा उजवीकडे पळाला. माझ्या तोंडावरचे भाव त्यांनी पाहिले असावेत. पुन्हा हसले नाहीत.

पहिल्या दिवसापासून लोक लकवा म्हणू लागले. काकाजींना तो शब्द सहन होत नसे. “लकवा नाई, नस चेंगरली,” असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि तोंड वाकडं असल्यामुळे ‘चेंगरली’ नीट निघायचं नाही, म्हणून पुन्हा सांगायचे. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, कोणी शेकायला. कोणी काकूंना बाजूला घेऊन विचारलं की त्या दिवशी ते कोणत्या झाडाखाली थांबले होते का.

यवतमाळच्या डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर समजावून सांगणारे होते. ते म्हणाले की चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते, आणि तिथेच ती चिरडली आहे. नस म्हणजे एक धागा नसतो, हजारो बारीक तंतूंचा जुडगा असतो. चिरडल्या जागेच्या पुढचे तंतू मेंदूपासून तुटले की काही दिवसांत त्यांचे तुकडे तुकडे होतात. शरीर तो सगळा कचरा साफ करतं आणि रिकाम्या नळ्या तेवढ्या मागे राहतात. मग अलीकडच्या टोकाला नवे कोंब फुटतात आणि त्या नळ्यांमधून पुढे सरकू लागतात. किती वेगाने, तर दिवसाला एखादा मिलिमीटर.

काकाजींनी मला मिलिमीटर म्हणजे किती ते विचारलं. मी नखाची कड दाखवली. ते बराच वेळ त्या नखाकडे पाहत राहिले.

परत येताना एसटीत ते चिडलेले होते. त्यांचं म्हणणं असं, की नस चेंगरली ती चेंगरली. पण पुढची तर चांगली होती, ती कायले मेली? अन् मरायचीच होती तर उगवायला एवढा उशीर काहून? कपाशीची पऱ्हाटी उपटून वावर साफ केल्यावर पेरलं तर आठवड्यात अंकुर दिसतो. मी म्हटलं, काकाजी, थांबावं लागेल. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या वर्षभरात ‘थांबा’ हा शब्द त्यांना लकव्याइतकाच नकोसा झाला.

खरं सांगायचं तर मलाही. माझ्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत औषधं. तापाची, साखरेची, दम्याची, पोटाची. काकाजी रोज काउंटरशी येऊन फळ्यांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, “एवढ्यात एक बी नाई?” नव्हतं. नसेला पुढे ढकलणारी गोळी माझ्याकडे नव्हती, कोणाकडेच नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, झोपताना पापणी बंद ठेवायला चिकटपट्टी, आणि डोळ्यात घालायचे थेंब, एवढंच मी त्यांना देऊ शकत होते. तो डोळा कोरडा पडला होता. आसवांची ग्रंथीसुद्धा त्याच नसेवर चालते, त्यामुळे पाणी यायचंच बंद झालं होतं. बाटलीतलं पाणी घालून डोळा ओला ठेवायचा. “आसू बी आता दुकानातून,” असं म्हणून ते बाटली खिशात टाकायचे.

जेवण ही तर शिक्षाच झाली. डाव्या गालात भात साठून राहायचा, तो बोटाने काढावा लागायचा. चहा कोपऱ्यातून गळायचा. जिभेच्या डाव्या बाजूला चव नव्हती. पाहुणे येणं बंद झालं. काहींनी येऊन विचारपूस केली आणि जाताना म्हणाले की यंदा आमच्या पोराचं दुसऱ्या माणसामार्फत पाहून राह्यलो, तुमी आराम करा. वाकडं तोंड घेऊन शुभकार्याला कसं न्यायचं, हे कोणी तोंडावर म्हणालं नाही. काकाजींना ते कोणी सांगायची गरज नव्हती. समोरच्याच्या चेहऱ्यावरचं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

पावसाळा गेला. दसरा गेला. रोज सकाळी ते आरशासमोर बसून गाल फुगवत, भुवई उचलायचा प्रयत्न करत, आणि काकूंना विचारत की हललं का. काकू खरं सांगायच्या.

कापूस वेचायला सुरुवात झाली तेव्हा एका सकाळी ते दुकान उघडायच्या आधीच येऊन उभे होते. मी शटर वर केलं तर म्हणाले, “माह्या तोंडाकडे पाय.” आणि ओठांचा डावा कोपरा थरथरला. जरासाच, एखादी माशी बसून उडावी तसा. मी पाहिलं म्हटलं तरी त्यांनी तो मला चारदा दाखवला, मग माझ्या नवऱ्याला, मग समोरच्या सायकलवाल्याला.

त्यानंतर भराभर फरक पडत गेला. गाल उचलला गेला, डोळा मिटू लागला, चहा गळायचा थांबला. भुवई काही आली नाही. पण संक्रांतीपर्यंत पाहणाऱ्याला चटकन कळू नये इतका चेहरा सावरला होता. काकाजींनी मोटरसायकल दुरुस्त करून घेतली.

ह्याच सुमारास ते माझ्याकडे एक तक्रार घेऊन आले. जेवताना डाव्या डोळ्यातून पाणी येतं. मला वाटलं तिखटाने. पण दूधभातानेही यायचं. घास चावायला सुरुवात केली की धार लागायची, आणि तोंड रिकामं झालं की थांबायची. उजवा डोळा कोरडा ठणठणीत. मी डॉक्टरांना दाखवू म्हटलं. ते म्हणाले, आधी एक काम उरकू.

ते काम आमचंच होतं. माझ्या धाकट्या दिराचं लग्न करायचं होतं आणि फुलसावंगीला एक मुलगी काकाजींनी आजारपणाच्या आधीपासून मनात धरून ठेवली होती. आम्ही सगळे गेलो. घर चांगलं, माणसं मोकळी. मुलगी येऊन बसली, दीर खाली मान घालून बसला, दोघांपैकी कोणाच्या मनात नकार असेल असं दिसत नव्हतं. पोह्यांच्या बश्या आल्या. काकाजींनी बशी हातात घेतली, पण खाईनात. मुलीचे वडील म्हणाले, काकाजी, तुमच्यासाठी मुद्दाम तर्री केली. मग त्यांनी एक घास घेतला.

मी समोरच होते. दुसऱ्या घासाला डावा डोळा भरला आणि तिसऱ्याला पाणी गालावरून ओघळून हनुवटीवर आलं. त्यांनी रुमालाने पुसलं, पुन्हा आलं.  मुलीची आई त्यांच्याकडे पाहत होती, मग माझ्या दिराकडे पाहू लागली, आणि उठून आत गेली.

थोड्या वेळाने मुलीच्या वडिलांनी काकाजींना अंगणात बोलावलं. मीही मागोमाग गेले. वडील हळू आवाजात म्हणाले, “काकाजी, तुमी दोनी घरं जानता. पोरात काही हाय काय? तुमी बोलून नाई राह्यले, पन तुमचे डोये बोलून राह्यले.”

“काही नाई, भाऊ. माही नस चेंगरली हाय. घास चावला का डोयातून पानी येते.”

ते वडिलांना पटेना. मी पुढे होऊन अपघाताचं, नसेचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि मला दिसत होतं की मी जितकं सांगते तितका त्यांचा संशय वाढतो आहे. मुलाच्या घरातलीच बाई, आणि असं काहीतरी भलतंच सांगते. आठवडाभराने निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

काकाजींनी तो निरोप ऐकला. लगेच यवतमाळला चला म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना खायला एक बिस्कीट दिलं आणि डोळ्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, असं होतं कधीकधी. कोंब वाढताना प्रत्येकाला आपली जुनी नळी सापडतेच असं नाही. लाळेच्या ग्रंथीकडे जाणारे काही तंतू वाट चुकून आसवांच्या ग्रंथीत शिरले आहेत. आता तोंडाला पाणी सुटायचा हुकूम निघाला की डोळ्याला पाणी सुटतं. नागपूरला एक इंजेक्शन मिळतं, पण त्याचा असर काही महिनेच टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. तसं पाहिलं तर शरीराने स्वतःची बरीच दुरुस्ती करून घेतली आहे, असंही ते म्हणाले.

काकाजी बाहेर आल्यावर म्हणाले, “असा दुरुस्ती करनारा मिस्त्री मी दारात उभा नसता केला.” इंजेक्शनाला त्यांनी नकार दिला. सुई लावली आणि इतक्या मुश्किलीने सावरलेलं तोंडही पुन्हा पडलं तर? मी कितीदा समजावलं, शेवटी मीही चिडून सोडून दिलं.

सोयरिकी मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. त्यांनी उपाय काढला की पाहुणे म्हणून गेलं तर काही खायचं नाही. पण आपल्याकडे मुलीच्या घरी जाऊन बशीला हात लावला नाही तर ते अपमान समजतात. म्हणून ते सांगू लागले, आज माझी एकादशी आहे. त्यावर घरातल्या बायका धावपळ करून साबुदाण्याची उसळ करून आणायच्या, मग तीही खावी लागायची आणि डोळा वाहायचाच. पुढे लोकांच्या लक्षात आलं की काकाजींची एकादशी कोणत्याही तिथीला येते. हसू लागले. आर्णीत त्यांना पाहून पोरं म्हणायची, काकाजी, केळं देऊ का? जो माणूस नुसत्या भुवईने माणसं गप्प करायचा, तो त्यांच्याकडे न पाहता पुढे निघून जायचा. बोलावणी कमी होत होत बंद झाली. कोणी भांडून संबंध तोडला असता तर त्यांना भांडता तरी आलं असतं.

घरीही सुख नव्हतं. एकदा मी थेंबांची बाटली द्यायला गेले तर दोघं जेवायला बसत होते. काकूंनी आपलं ताट उचललं आणि काकाजींच्या उजव्या हाताला जाऊन बसल्या. माझी नजर त्यांनी ओळखली. म्हणाल्या, “मले माईत हाय ते खोटं पानी हाय. पन माह्या हातची भाकर खाऊन कोनी रडते, ते मले पाहवत नाई.” उजवीकडून पाहिलं तर काकाजी नेहमीसारखे जेवत होते. त्यांनीही ताट थोडं फिरवून घेतलं, म्हणजे डावी बाजू पूर्ण भिंतीकडे जाईल. त्यानंतर ते दोघं तसेच बसत.

दोन वर्षांनी काकू गेल्या. छातीत दुखतं म्हणाल्या, यवतमाळला नेत होते, वाटेतच संपलं. काकाजींनी सगळं केलं. लाकडं, माणसं, मुलीला सावरणं, आलेल्यांना चहा. डोळ्यातून टिपूस नाही. काही नातेवाईक त्याबद्दल कुजबुजले.

तेरवीच्या दिवशी पंगत बसली आणि सगळ्यांनी त्यांना आग्रह केला की तुम्ही घास घेतल्याशिवाय कोणी घेणार नाही. त्यांनी पुरण तोंडात घातलं. डावा डोळा वाहू लागला. मी वाढत होते. माझ्या कानावर आलं, पाहा, माणूस आतल्या आत किती साचून बसला होता. एका वयस्कर बाईंनी पदराने डोळे पुसले. कोणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकाजींनी तो हात झटकला, पानावरून उठले आणि मागच्या दारी मोरीवर हात धुवायला गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांचा सगळा चेहरा रागाने लाल झाला होता.

“हे तिच्यासाठी नाई येत, सूनबाई. हे घासानं येते,” ते म्हणाले. “तिच्यासाठी यायले पायजे ते येऊनच नाई राह्यलं. अन् हे लोक माही पाठ थोपटून राह्यले.”

मी तांब्या पुढे केला. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि परत जाऊन पंगतीत बसले नाहीत.

पुढे मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. तिथे ते दीड-दोन वर्षं होते आणि तिथेच वारले. आर्णीचं घर आता दुसऱ्यांनी घेतलं आहे. पण ते जाण्याआधीची एक दुपार मला सांगितली पाहिजे.

दुकानात गर्दी होती. काकाजी घाईघाईने रस्ता ओलांडून आले, पायात चप्पल नव्हती. बाकावर न बसता थेट काउंटरशी आले. दारव्ह्याकडच्या कोणा जुन्या ओळखीच्या माणसाने, ज्याला डोळ्याचं काही माहीत नव्हतं, त्यांना मुलगी पाहायला चला म्हणून बोलावणं पाठवलं होतं. काकाजींनी धुतलेला सदरा घातला, दारात उभे राहिले, आणि सवयीने आत स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, अवं, येतो मी जाऊन. आतून काही आलं नाही.

एवढं त्यांनी मला तुटक तुटक सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. उजवा डोळा भरून वाहत होता. डावाही. सदऱ्याच्या कॉलरवर दोन्हीकडून पाणी उतरत होतं, आणि ते पुसत नव्हते.

“सूनबाई, पाय बरं,” ते म्हणाले, आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून, डॉक्टरला घसा दाखवावा तसं त्यांनी तोंड उघडलं.

 मी वाकून नीट पाहिलं. घास नव्हता, सुपारी नव्हती, काहीच नव्हतं.

“काही नाही, काकाजी,” मी म्हटलं. “रिकामं आहे.”

त्यांनी तोंड मिटलं, मान हलवली, आणि बाकावर जाऊन बसले. मी बाकीच्यांना औषधं देत राहिले. बराच वेळ ते तिथेच होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून, आणि रडत होते.